मॅकलक पान: उजव्या कोपऱ्यातला आकडा

मंडळी, माझ्या संग्रहातल्या मॅकलकवरच्या पानासाठीची नोट आली. १९०२ मालिकेची वीस डॉलरची नॅशनल बँक नोट (अमेरिकेतल्या सरकारी सनद मिळालेल्या बँकांच्या नावानं निघणारी), डाव्या बाजूला एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा अर्थमंत्री ह्यू मॅकलक, निळा शिक्का, मागची बाजू 'प्लेन बॅक', म्हणजे मागे वर्षं न छापलेली. इंडियानातल्या एका छोट्या गावच्या बँकेची. मॅकलकनं जिथं बँक चालवली त्या, इंडियानातल्याच फोर्ट वेनची मिळाली असती तर आनंदानं नाचलो असतो, पण तिथल्या फर्स्ट नॅशनल बँकेच्या (चार्टर, म्हणजे सरकारी सनद, क्रमांक ११) नोटांचे भाव माझ्या खिशाबाहेरचे आहेत. राज्य तेच मिळालं, त्यावर समाधान.

मात्र पाकीट उघडल्यापासून तीन रात्री या नोटेनं खाल्ल्या. विक्रेत्यानं यादीत फक्त '१९०२ सालची नोट' एवढंच लिहिलं होतं. हे लोक मालिकेच्या वर्षालाच नोटेचं वर्ष का समजतात कळत नाही. नोटेवर बँकेची तारीख १९०३ची. सरकारी सह्या लायन्स आणि रॉबर्ट्स यांच्या. जडसन लायन्स ट्रेझरीत, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्यात, रजिस्टर (नोंदणी-अधिकारी) झाले १८९८मध्ये आणि एलिस रॉबर्ट्स ट्रेझररपदावरून (खजिनदारपदावरून) उतरले १९०५मध्ये, म्हणजे ही जोडी फार तर १९०५पर्यंतची. पण त्या काळात शिक्का लाल असायचा! निळा शिक्का १९०८पासून, आणि 'डेट बॅक' (मागे वर्षं छापलेल्या नोटा) संपून प्लेन बॅक यायला १९१५ उजाडलं. सह्या एका काळाच्या, शिक्का दुसऱ्या काळाचा.

हे कोडं अर्ध्या तासात सुटलं. नॅशनल बँकेची छपाईची प्लेट तिच्या चार्टरच्या तारखेशी बांधलेली असते. तारीख बदलली नाही तर सह्याही बदलत नाहीत. माणसं निवृत्त झाली तरी त्यांच्या सह्या वीस-वीस वर्षं छापल्या जात होत्या. इथवर ठीक.

खरा छळ पुढे सुरू झाला. खाली डावीकडे बँकेचा अनुक्रमांक असतो आणि वर उजवीकडे ट्रेझरीचा, आणि हे दोन वेगळे असायला हवेत. माझ्या नोटेवर दोन्हीकडे तोच आकडा! पहिला विचार मनात आला तो खाडाखोडीचा. दहापट भिंगाखाली उजवा कोपरा तासन् तास पाहिला. कागदाचे तंतू उठलेले नाहीत, शाईचा निळा रंग दोन्हीकडे एकच, कोरलेल्या रेषा कुठंही तुटलेल्या नाहीत. तरी मन मानेना. त्यात चार्टर क्रमांकाशेजारी देशाचा विभाग दाखवणारं 'एम' अक्षरही नाही. इंडियाना 'मिडल' विभागातलं, म्हणजे 'एम' हवंच, असं मी धरून बसलो होतो. विक्रेत्याला नोट परत घेण्याबद्दल पत्रही लिहून ठेवलं होतं.

आपल्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. विभागाची अक्षरं १९२४मध्ये बंद झाली. ट्रेझरीचा स्वतंत्र क्रमांक ऑगस्ट १९२५मध्ये बंद झाला आणि त्यानंतर बँकेचाच क्रमांक दोन्ही जागी छापला जाऊ लागला.

ज्या दोन गोष्टींमुळे मी नोटेवर संशय घेत होतो, त्याच तिची जन्मवेळ सांगत होत्या! १९२९च्या जुलैत लहान आकाराच्या नोटा आल्या, म्हणजे ही नोट १९२५च्या उत्तरार्धापासून १९२९पर्यंतच्या चारेक वर्षांतली. १९०२ची मालिका, १९०३ची तारीख, १९०५च्या आधीच्या सह्या आणि छपाई १९२५नंतरची. आणखी एक प्रश्न उरतो: १९०३चं चार्टर वीस वर्षांनी संपायला हवं होतं, मग प्लेट बदलली का नाही? कारण जुलै १९२२च्या कायद्यानं ही वीस वर्षांची मुदतवाढीची कटकट संपवली. जुनी प्लेट तशीच चालू राहिली. ते पत्र पुसून टाकलं.

आता जरा नोटेचं कौतुक. या नोटा चारच्या कागदात छापल्या जायच्या, नेहमीची मांडणी तीन दहाच्या आणि एक विसाची. न कापलेले कागद बँकेकडे जायचे, आणि कापणं, सह्या करणं बँकेनं करायचं. माझ्या नोटेची वरची कड खालच्यापेक्षा स्पष्ट रुंद आहे, कात्री कुणीतरी घाईत चालवली आहे. ते पाहून फार बरं वाटलं. बँकेच्या दोन सह्यांपैकी अध्यक्षांची रबरी शिक्क्याची, जांभळी, अजून ठळक. कॅशिअरची शाईची, आणि ती पार फिकी पडली आहे. तिरप्या उजेडात टाकाच्या खाचा दिसतात, पण नाव लागत नाही.

या फिक्या सहीपाशी मी अडखळलो, कारण मॅकलकही कॅशिअरच होता. १८०८मध्ये मेन राज्यातल्या केनेबंकला जन्म, बोडन कॉलेज आजारपणामुळे अर्धवट सुटलं, शाळेत शिकवलं, बॉस्टनला कायदा शिकला आणि १८३३मध्ये फोर्ट वेनला वकिली करायला आला. दोनच वर्षांत स्टेट बँक ऑफ इंडियानाच्या तिथल्या शाखेचा कॅशिअर झाला. तेव्हाचा कॅशिअर म्हणजे शाखेचा खरा चालक, गल्ल्यावर बसणारा नव्हे. पुढे १८५७च्या आर्थिक अरिष्टात देशभरच्या बँकांनी नोटेच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, तेव्हा तो नव्या बँक ऑफ द स्टेट ऑफ इंडियानाचा अध्यक्ष होता, आणि त्याच्या बँकेनं देणं चालू ठेवलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

हे लिहिताना मॅकलकच्या पानाचा आराखडाच बदलावासा वाटतोय. मूळ बेत १८०८पासून सरळ पुढे जायचा होता. त्याऐवजी नोटेपासून सुरुवात करून मागे जावं. वर नोट, १९२५नंतरची. खाली १८६३ ते ६५: १८६२मध्ये नॅशनल बँकांच्या विधेयकाला विरोध करायला वॉशिंग्टनला गेलेला हा माणूस तेव्हाचा अर्थमंत्री चेस याच्या आग्रहावरून मे १८६३मध्ये पहिला कंट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे नॅशनल बँकांवर देखरेख करणारा अधिकारी, होतो. मार्च १८६५मध्ये लिंकन त्याला अर्थमंत्री करतो, आणि त्याच महिन्यात राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कराचा कायदा होतो. ज्या प्रकारच्या नोटांवर त्यानं आयुष्य काढलं, त्या या करानं संपल्या. त्याखाली फोर्ट वेन, आणि तळाला केनेबंक. उलट्या क्रमानं नॅशनल बँक नोटेवरचा त्याचा चेहरा किती लांबून आला ते नीट दिसतं.

१८६६च्या ग्रीनबॅक (यादवी युद्धात सरकारनं काढलेल्या कागदी नोटा) आटवण्याच्या कायद्यासाठी (पहिल्या सहा महिन्यांत १ कोटी डॉलरपर्यंत, मग महिन्याला ४० लाखांपर्यंत, काँग्रेसनं फेब्रुवारी १८६८मध्ये थांबवलं) एक डॉलरची १८६२ची ग्रीनबॅक शेजारी ठेवायची होती. ती सध्या रद्द. त्या पैशांत याच बँकेची राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेचं चित्र असलेली दहाची नोट शोधतो, एका कागदातली भावंडं पानावर शेजारी येतील. बँकर जे कुक याच्याबरोबरची मॅकलकची लंडनमधली भागीदारी आणि त्याचं १८८४-८५चं दुसरं अर्थमंत्रिपद एका ओळीत बसेल. लायन्स यांच्यासाठी मात्र जागा काढणार. जॉर्जियाचा कृष्णवर्णीय वकील, आणि त्याची सही त्याच्या कारकिर्दीनंतर वीस वर्षं अमेरिकेच्या खिशात फिरत राहिली.

नोट मायलारमध्ये (पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात) ठेवली आहे. पीव्हीसीची पाकिटं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात ती चिकट होतात आणि शाई धरतात.

कुणाकडे 'एम' अक्षर असलेली, १९२५पूर्वीची इंडियानाची प्लेन बॅक असेल तर उजव्या वरच्या कोपऱ्याचा फोटो पाठवा. दोन कोपरे शेजारी शेजारी छापायचे आहेत.