प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला, माझा अनुभव

सोलापुरात चष्मा घ्यायचा म्हणजे नवी पेठ, आमच्याकडं तरी हे ठरलेलं. दुकानांना तोटा नाही, गाडी लावायला तेवढी जागा मिळत नाही, त्यामुळं जाणार असाल तर सकाळी दुकान उघडलं की लगेच जावा. संध्याकाळी गर्दीत गेलात तर दुकानदार पण घाईत असतो आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा, मधे कॉम्प्युटरचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला चष्मा, घ्यायचा असेल तर घाई अजिबात चालत नाही, का ते पुढं सांगतो.

मला कॉलेजपासून लांबचा चष्मा आहे, मायनसचा. आता वय पंचेचाळीसच्या पुढं गेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, म्हणजे सुताच्या बिलावरचा बारीक आकडा वाचायचा तर चष्मा कपाळावर, दारात कोण आलं बघायचं तर परत खाली, मग कॉम्प्युटर, मग परत बिल, दिवसभर हेच. घरी बायको म्हणली, "अहो एकदाचं दाखवून या की, किती वर-खाली करायचं ते."

दुकानात तपासणी फुकट असते, पण मी आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो, कारण वडिलांना काचबिंदू आहे. ज्यांच्या घरात काचबिंदू किंवा शुगर आहे त्यांनी नुसत्या दुकानातल्या नंबरावर भागवू नका हो. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते, एकदा गेलेली परत येत नाही आणि नंबर काढायच्या मशीनला त्यातलं काही कळत नाही. माझं डोळ्यातलं प्रेशर 16 आलं, 10 ते 21 नॉर्मल धरतात, पण प्रेशर नॉर्मल असून पण काचबिंदू असू शकतो म्हणे, म्हणून थेंब घालून आतली नस आणि पडदा पण बघितला. सगळं ठीक निघालं. थेंबानं बाहुली मोठी होते, जवळचं काही तास धूसर दिसतं आणि आपलं सोलापूरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, क्लिनिकच्या बाहेर पाऊल टाकलं आणि डोळेच उघडेनात. गाडी चालवायला पुतण्याला नेलतं म्हणून बरं, त्या दिवशी स्वतः गाडी मारायची नाही.

नंबर थेंबाच्या आधीच काढला. पहिल्यांदा मशीन, त्यात लांब रस्ता आणि टोकाला फुगा, तो धूसर होतो, परत स्पष्ट होतो. त्याची चिठ्ठी निघते पण तो नुसता अंदाज असतो, खरा नंबर पुढं काचा घालून ठरतो. ती जड गोल ट्रायल फ्रेम नाकावर चढवली आणि सुरू, "ही बरी का ही?" मला तर दोन्ही सारख्याच वाटायला लागल्या, आता काय सांगावं म्हणून गप्प बसलो, तर तपासणारी मुलगी म्हणली, "काका, सारखं दिसत असेल तर सारखंच म्हणा, ते पण उत्तरच आहे." मग बरोबर उत्तर द्यायचं टेन्शन गेलं. शेवटी लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं कुठल्या रंगावर जास्त काळी दिसतात ते विचारलं, नंबर जास्त चढला का कमी पडला ते त्यावरून कळतं.

उजवा मायनस 1.25, त्यात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, मायनस 0.50, ॲक्सिस 90. डावा मायनस 1.50. ॲडिशन, म्हणजे वाचायला लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा, प्लस 1.50. मेव्हण्यानं कागद बघितला आणि म्हणला, भावजी नव्वद नंबर? ॲक्सिस म्हणजे सिलिंडरची काच कुठल्या कोनात बसवायची तो आकडा, 1 ते 180 मधला काही पण असतो, त्याचा नंबर किती याच्याशी संबंध नाही.

आता दुकान. लेन्सचे भाव तीन हजारापासून सुरू झाले ते कुठंपर्यंत गेले विचारू नका. महाग प्रोग्रेसिव्हमध्ये मधला आणि वाचायचा भाग जरा रुंद मिळतो, काचेच्या कडेनं बघताना हलल्यासारखं कमी दिसतं, तेवढ्याला पैसे देण्यात अर्थ आहे, मी मधला पर्याय घेतला. ब्लू कटसाठी, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या लेन्ससाठी, मात्र दुकानातल्या पोरानं जांभळ्या लाइटचा खेळ दाखवला, कार्डावर लाइट मारला की डाग पडतो, मधे लेन्स धरली की पडत नाही. खेळ खरा आहे, पण त्यानं डोळे दुखायचे थांबतात असं नाही. 2023 ला कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) रिव्ह्यू आला त्यात पण साध्या लेन्सपेक्षा डोळ्याचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणले, स्क्रीनकडं बघताना तुम्ही पापण्या कमी मिटता, डोळे कोरडे पडतात, दुखतात ते त्यानं. मी अँटी-रिफ्लेक्शन, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारं कोटिंग, घेतलं आणि ब्लू कट सोडलं. आणि बिल नीट बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय.

चष्मा आला आणि वैताग सुरू झाला. लांबचं झकास, पण बिल वाचायचं तर हनुवटी वर करायला लागायची, कॉम्प्युटरला अजून वर, दुपारपर्यंत मान धरायची. दुकानात सांगितलं तर, "होईल सवय मालक, पंधरा दिवस वापरा." आता सवय लागते हे खरं आहे, जिना उतरताना पायऱ्या तरंगल्यासारख्या दिसतात ते माझं काही दिवसांत कमी झालं. पण मान वर करणं काही जाईना. परत गेलो तेव्हा नशिबानं आत बसणारे वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी माझ्याशी काही बोलायच्या आधी चष्मा काढून घेतला, लेन्सवर तोंडानं वाफ सोडली आणि उजेडात तिरकी धरली, तर काचेत बारीक गोल खुणा कोरलेल्या दिसल्या! कंपनीच्या असतात म्हणे, दोन खुणांमध्ये 34 मिलीमीटर अंतर आणि बाहेरच्या खुणेखाली ॲडिशन, माझ्यावर 15 होतं म्हणजे 1.50. त्यावर मार्करनं ठिपके दिले, कंपनीच्या छापील कागदावर ठेवून काचेवर मधली फुली काढली आणि चष्मा परत माझ्या नाकावर. फुली बाहुलीवर पाहिजे, ती चांगली खाली होती.

कारण साधं निघालं. माप घेताना पोरानं फ्रेम नुसती नाकावर ठेवून हातानं वर धरली होती, काड्या कानामागं बसवल्याच नव्हत्या. घातल्यावर ती घसरणारच, त्यात आपल्याकडचा घाम. फ्रेम खाली आली की वाचायचा भाग पण खाली जातो, मग तो गाठायला माणूस हनुवटी वर करतो. त्यांनी नाकाचे पॅड जवळ घेतले, त्यानं फ्रेम वर चढते, काड्या गरम करून कानामागं वाकवल्या, परत फुली बघितली. "आता वाचा बघू." शेंगा चटणीच्या पुडीवरची बारीक अक्षरं मान सरळ ठेवून वाचली. नवीन लेन्स लागली नाही, एक रुपया घेतला नाही.

म्हणून आधी फ्रेम तोंडावर नीट बसवून घ्या आणि मगच माप द्या, माप घेताना बाहुलीसमोर काचेवर ठिपके दिल्यावर फ्रेम घालून एकदा मान हलवून बघा, ठिपका जागेवर राहतोय का. फ्रेम फार अरुंद उंचीची पण घेऊ नका, वाचायचा भागच कापला जातो.

ऑफिसात कॉम्प्युटर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होता तो खाली उतरवला, त्यानं उरलेली मान पण सुटली. बिलामागं पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) आणि फिटिंग हाइट (फ्रेममध्ये बाहुली काचेच्या खालच्या कडेपासून किती वर येते ते) दोन्ही लिहून घेतलंय. पुढच्या फ्रेमला पीडी चालेल, हाइट मात्र त्या फ्रेमवर परत मोजायला लागेल.