अळीच्या पोटातला कापूस

१२ मे

गुलाबी बोंडअळीच्या डीएनएच्या डेटाचं शुक्रवारी लावलेलं डाउनलोड आज सकाळी एकदाचं संपलं. मधे लाईट गेली, आली, राउटरने मान टाकली, पुन्हा उठला. तुटलं तिथून पुढे ओढ, अशी आज्ञा देऊन ठेवलेली असते म्हणून निभावतं. नाहीतर परभणीच्या मे महिन्यात एवढा डेटा सलग उतरेल, याचा भरवसा मी कुणाला देणार नाही.

बरं, उतरला म्हणजे धड उतरला असंही नाही. प्रत्येक फाइलीसोबत तिचा एमडी-फाइव्ह येतो, बत्तीस अक्षरांची एक ओळ. आपल्याकडे आलेल्या फाइलीवरून तीच ओळ पुन्हा काढायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. एका अक्षराचा फरक पडला तरी फाइल बाद. आज एक बाद झाली. वरवर बघितलं तर काहीच खोट नाही. उघडत होती, सुरुवातीच्या ओळी स्वच्छ, आकारही जवळपास तेवढाच. तशीच पुढे ढकलली असती तर त्या अळीचे शेवटचे रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, गुपचूप गळाले असते. काही प्रोग्रॅम अशा वेळी एक इशारा छापून पुढे जातात, पण हजार ओळींच्या लॉगमध्ये तो इशारा कोण वाचतंय! फाइल पुन्हा लावली.

आईला वाटतं मी दिवसभर कॉम्प्युटरवर अळ्या बघते. तसं ते खोटं नाही. गेल्या हंगामात मानवत, पाथरी, सेलू भागातल्या शेतांतून हिरवी बोंडं तोडून आणली, फोडली, आतली गुलाबी बोंडअळी चिमट्याने काढली, एकेका नळीत एकेक अळी, वर अल्कोहोल. तिचा डीएनए काढून सिक्वेन्सिंगला पाठवला आणि परत आली ती अक्षरं. ए, सी, जी, टी. दीडशे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे. त्यांच्याकडून जाणून घ्यायचंय ते एवढंच, की अळी मारायलाच बनवलेला बीटी कापूस खाऊन ही अळी जगते कशी.

१३ मे, रात्री

अख्खा दिवस नमुन्यांच्या यादीत गेला. शेतावर आमच्यासोबत जो दादा असतो त्याचं अक्षर सुरेख आणि रजिस्टर चोख. घोळ होतो तो ती वही कॉम्प्युटरवर चढताना.

नमुन्याचं नाव ३-५, म्हणजे तिसरं शेत, पाचवं बोंड. एक्सेलला ती तारीख वाटते, तो ३ मे करून ठेवतो. जे आकडे तारखेत बसत नाहीत ते जसेच्या तसे राहतात, त्यामुळे यादी चाळताना चटकन लक्षातही येत नाही. हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही म्हणा. माणसाच्या जनुकांत सेप्ट-२, मार्च-१ अशी नावं होती आणि एक्सेल त्यांचं २ सप्टेंबर, १ मार्च करून मोकळा व्हायचा. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधनिबंधांसोबत जोडलेल्या एक्सेलमधल्या जनुकयाद्या तपासल्या, तर साधारण पाचातल्या एका निबंधात हा घोळ निघाला. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचंच नव्याने बारसं केलं, सेप्टिन-२ आणि मार्चएफ-१. आपोआप तारीख करणं बंद ठेवायची सोय एक्सेलने दिली ती त्याच्याही नंतर, २०२३ मध्ये. आधी कोणी वाकायचं, याचं उत्तर मिळालं.

दुसरी भानगड मात्र अस्सल आपल्याकडची. काही गावांची यादी मराठी अंकांत टाइप झालेली. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ते चालतात, मराठीत लिहिलेला १२ तो निमूट बारा म्हणून वाचतो. आर या दुसऱ्या भाषेला चालत नाहीत. तो त्या जागी एनए, म्हणजे 'माहिती नाही', टाकतो. म्हणजे एकाच यादीत पायथनला अळ्या जास्त दिसतात, आरला कमी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यात 'सेलू' आणि 'सेलु'. त्यात 'मानवत' आणि मागे एक मोकळी जागा सुटलेलं 'मानवत'. माणसाच्या डोळ्याला एकच गाव, मशीनच्या लेखी दोन.

संध्याकाळपर्यंत सगळे रकाने मजकूर म्हणून वाचून घेणारा, मराठी अंक इंग्रजी करणारा आणि गावांची नावं ठरलेल्या यादीशी ताडणारा एक छोटा प्रोग्रॅम उभा राहिला. कोणत्याही निबंधात याचा उल्लेख येणार नाही. 'पद्धती' या मथळ्याखाली आमचं लेखन सुरू होतं तेच मुळी रीड जुळवण्यापासून.

१६ मे

रीड अळीच्या जीनोमवर, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएच्या अनुक्रमावर, बसवून बघितले. बहुतेक नळ्यांचे छान बसले. काहींचे मात्र भरमसाट रीड बाहेर राहिले, कुठेच न बसलेले. आमच्याकडे आलेली एमएस्सीची मुलगी घाबरली, म्हणाली डेटा खराब आलाय. खराब नव्हता. बाहेर राहिलेल्यांतले काही उचलून ब्लास्टमध्ये, म्हणजे तुकडा कोणत्या जिवाचा ते शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकले, तर कापूस निघाला. साहजिकच आहे. अळी बोंडातून काढली, उपाशी न ठेवता थेट अल्कोहोलात टाकली, तिच्या पोटातली सरकी तिच्यासोबतच आली. कापसाखालोखाल आतड्यातले जिवाणू. अळीचा डीएनए म्हणून आपण जो पाठवतो तो निव्वळ तिचा एकटीचा कधीच नसतो.

एका नळीचं प्रकरण वेगळं होतं. तिचे रीड ना नीट बसत होते, ना कापसाचे होते. मायटोकॉन्ड्रियातलं सीओआय हे जनुक काढून बघितलं. प्राण्यांच्या जाती ओळखायला त्याचाच साडेसहाशे-एक अक्षरांचा तुकडा वापरतात. ती गुलाबी अळी नव्हतीच, ठिपक्यांची बोंडअळी होती. गुलाबी अळी लहानपणी गुलाबी नसते, पांढरट असते, रंग नंतर चढतो. संध्याकाळच्या उजेडात, दोन-चार मिलिमीटरच्या जिवात असा घोटाळा शेतावर कुणाकडूनही होऊ शकतो. म्हणून आता प्रत्येक नळीचं सीओआय आधी बघायचं, मग बाकीचं.

त्याच खोक्यातल्या दोन नळ्यांवरची नावं पुसटली होती. मार्कर कायमस्वरूपी असला तरी अल्कोहोलचा थेंब ओघळला की शाई सुटते. ट्यूबलाइटखाली नळी तिरकी धरून बघितली तर एका नळीवर आकड्याची खालची वेलांटी तेवढी दिसत होती. तो आकडा ३ की ६? दोन्ही शेतांत जमीन-अस्मानाचा फरक. दोन्ही नळ्या यादीतून काढल्या. सरांना वाईट वाटलं, एकेका अळीच्या सिक्वेन्सिंगला पैसे मोजलेत. पण अंदाजाने शेताचं नाव लावलेल्या अळीपेक्षा नसलेली अळी बरी.

१७ मे

दुपारी दीडला लाईट गेली ती सहाला आली. यूपीएसने अर्धा तास साथ दिली. आत-बाहेर सारखाच फुफाटा. लिहिण्यासारखं काही नाही.

२१ मे

आजचा दिवस मात्र सविस्तर लिहायचा.

बीटी कापसात क्राय-१-एसी हे प्रथिन असतं. २००२ मध्ये आलेल्या पहिल्या वाणांत तेवढंच होतं, २००६ पासूनच्या बीजी-टूमध्ये जोडीला क्राय-२-एबी आलं. अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. क्राय-१-एसी त्याला धरतं आणि तिथून अळीचं मरण सुरू होतं. कॅडहेरिनच मोडकं असेल तर विषाला धरायला काही उरत नाही. आधी गुजरातमधल्या अळ्यांत हे दिसलं. पुढे २०१७ च्या हंगामात काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही, घरोघरी कवडीचे, म्हणजे अळीने खराब केलेल्या कापसाचे, ढीग होते.

अडचण अशी की कॅडहेरिन एकाच जागी मोडत नाही. २०१४ च्या एका शोधनिबंधात भारतातल्या अळ्यांमध्ये या जनुकाचे आठ नवे बिघाड नोंदवलेत, शिवाय त्याचे आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी निघणाऱ्या जनुकाच्या नकला, एकोणीस तऱ्हांनी जोडलेले आढळले. म्हणजे एक ठरावीक बदल शोधला, सापडला की 'प्रतिकारक' असा शिक्का मारला, हे इथे चालत नाही. प्रत्येक अळी नव्याने वाचावी लागते.

धडधाकट कॅडहेरिनचा अनुक्रम समोर ठेवून त्यावर आम्ही रीड बसवतो. बदल शोधणाऱ्या प्रोग्रॅमने पाथरीकडच्या एका अळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याच्या मते जनुक ठीक. तरी रीड चित्रासारखे दाखवणाऱ्या आयजीव्ही या प्रोग्रॅममध्ये उघडून डोळ्यांनी चाळायची सवय आहे म्हणून चाळत होते. एका एक्झॉनच्या, म्हणजे जनुकातल्या प्रथिन घडवणाऱ्या भागाच्या, मधोमध रीडची चळत एकदम खचलेली दिसली. इकडे तिकडे चाळीस-चाळीस रीड आणि त्या एका जागी ओलांडून जाणारा एकही नाही. मोठं करून बघितलं. डावीकडून येणारे सगळे रीड एकाच अक्षरापाशी थांबतात, उजवीकडचे तिथूनच सुरू होतात. प्रत्येकाला पुढे एक शेपूट आहे, न जुळलेलं, प्रोग्रॅमने राखाडी करून बाजूला टाकलेलं. ती शेपटं एकाखाली एक लावली तर सगळी सारखी!

चुकून आलेला कचरा इतका शिस्तीत नसतो. शेपटं आणि ज्यांचा जोडीदार (रीड जोडीजोडीने येतात) कुठेच बसला नाही असे रीड वेगळे काढले, एकमेकांत जोडले, आणि बाहेर पडलेला तुकडा शोधायला लावला. उड्या मारणाऱ्या डीएनएसारखा दिसतोय, जनुकात घुसून बसलेला. असे घुसखोर कॅडहेरिनमध्ये याआधीही सापडलेत, त्यामुळे नवल नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या नेहमीच्या साफसफाईत शेपटं असलेले, अर्धवट बसलेले रीड 'दर्जाहीन' म्हणून चाळणीतून खाली पडतात. ज्या गोष्टीसाठी उन्हातान्हात बोंडं फोडली, तीच पहिल्या पायरीला केरात जात होती. चाळणी बनवणाऱ्याने ती एक-दोन अक्षरांचे बदल शोधायला बनवली आहे, त्याचा काय दोष? पण अभ्यासवर्गात शिकवतात ती हीच चाळणी, आणि तिचं काम काय हे न विचारता जो तो वापरतो.

ओलांडून जाणारा एकही रीड नाही म्हणजे त्या अळीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या. हे फार महत्त्वाचं, कारण क्राय-१-एसीचा प्रतिकार अप्रभावी, म्हणजे रिसेसिव्ह, असतो. एक प्रत जरी शाबूत असली तरी अळी मरते. मागे पैसे वाचवायला एका शेतातल्या अळ्या एकत्र वाटून एकच नमुना करायचा, असा विचार चालला होता. तसं केलं असतं तर निम्मे रीड तुटलेले आणि निम्मे अखंड दिसले असते. त्यावरून निम्म्या अळ्या प्रतिकारक आहेत की सगळ्यांची एकेक प्रत मोडलीय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

सर म्हणाले, जेलवर दिसू दे, मग बोलू. बरोबर आहे. उरलेल्या डीएनएवर पीसीआर लावायचा, म्हणजे तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती काढून जेलवर लांबीनुसार वेगळ्या करायच्या. तुकडा घुसला असेल तर पट्टी वर सरकलेली दिसेल. प्रायमरसाठी, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो त्या छोट्या तुकड्यांसाठी, जागेचे आकडे पुन्हा ताडले, कारण एका प्रकारच्या फाइलीत मोजणी शून्यापासून असते आणि दुसऱ्या प्रकारात एकपासून.

२४ मे

मानवतजवळच्या एका काकांचा फोन. गेल्या साली त्यांच्या शेतातून बोंडं नेली होती. "म्याडम, आमच्या अळीचं काय म्हणायलंय तुमचं कॉम्प्युटर?"

सांगितलं, काम चालू आहे, काही अळ्यांत जनुक मोडलेलं दिसतंय.

"मंग औंदा कोणतं बियाणं घेऊ?"

इथे माझी सगळी फाइल-बिइल संपते. दुकानात जी पाकिटं मिळतात त्यांत बहुतेक सगळीकडे तीच दोन प्रथिनं आहेत, नाव आणि चित्र तेवढं वेगळं. पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे त्यावर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि पिल्लांत एक प्रत शाबूत राहते. बहुतेकांनी ते लावलंच नाही. काकांनी विचारलं, तेव्हा हे असं कुणी सांगितलं होतं का? पाकिटावर छापलेलं होतं, एवढंच मी म्हणू शकले.

मग जे खात्रीने सांगता येतं ते सांगितलं. जूनच्या आधी लागवड नको. कमी दिवसांचं वाण बघा. हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठाच्या वर पतंग आले की फवारणीचं बघा. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करा. आणि डिसेंबरात पीक मोडा, फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवू नका, कारण ही अळी कापसाशिवाय दुसऱ्या कशावर फारशी जगत नाही. पीक नसलं की तिची साखळी तुटते.

"मी मोडतो की. पण शेजारच्याचं काय करावं? त्याची पऱ्हाटी मार्चपस्तोर उभीच ऱ्हाते."

मी फोन धरून गप्प. आमच्या यादीत गाव होतं, शेत होतं, वाण होतं, तारीख होती. शेजाऱ्याने फरदड ठेवलीय का, हे कुठेच नव्हतं. पतंगाला बांध कुठे कळतो? काकांना विचारलं, यंदा दोन्ही शेतांतली बोंडं घेतली तर शेजारी नाही म्हणतील का? म्हणाले, "त्याला काय, तो तर म्हणल अळ्या सगळ्याच घेऊन जावा." शेजाऱ्याचा नंबर दिला.

संध्याकाळी दादाशी बोलून नव्या हंगामाचं रजिस्टर आखलं. नमुन्याच्या नावात आडवी रेघ नाही, आधी अक्षर मग आकडा. नाव मार्करने वरून नाही, पेन्सिलने जाड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चिटोरा नळीच्या आत, पेन्सिल अल्कोहोलात सुटत नाही. अळी नळीत जाण्याआधी काही तास उपाशी. शेतं शक्यतो जोडीने निवडायची, एक लवकर मोडणारं, एक उभं राहणारं. आणि शेवटी दोन नवे रकाने, पीक कधी मोडलं आणि बांधाला लागून फरदड आहे का.