थ्रेडनीडल स्ट्रीटच्या म्हातारीकडे

टॉवर ऑफ लंडनमधला कोहिनूर बघून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "काचेतलं बघून झालं. हात लावता येईल असं काही आहे का गं?"

होतं. बार्थोलोम्यू लेनवरचं बँक ऑफ इंग्लंडचं संग्रहालय, तेही फुकट. तिथे पेटीच्या भोकातून हात घालून खरीखुरी सोन्याची वीट उचलून बघायची. वजन साधारण १३ किलो. आईने दात-ओठ खाल्ले, वीट जेमतेम हलली. "म्हणजे तेराशे तोळे!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या रांगेतल्या गुजराती काकू खुदकन हसल्या. तोळे फक्त त्यांनाच कळले असणार.

मी आले होते जेम्स गिलरे या जुन्या इंग्रज व्यंगचित्रकाराने काढलेल्या म्हातारीसाठी. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैनिक वेल्समध्ये फिशगार्डजवळ उतरले. तेव्हा नोट दिली की बँकेकडून सोनं मिळायचं. घाबरलेले लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले, तेव्हा सरकारने बँकेला सोनं देणंच थांबवायला लावलं. नाण्यांच्या जागी एक-दोन पौंडांच्या नोटा आल्या. मे महिन्यात गिलरेने चित्र काढलं. नोटांचाच झगा घातलेली हडकुळी म्हातारी कुलूपबंद पेटीवर ठाण मांडून बसली आहे. पंतप्रधान पिट, नुसता सांगाडा, एका हाताने तिच्या कमरेला विळखा घालून लाडात आलाय. दुसरा हात तिच्या खिशात, नाण्यांवर. म्हातारी जिवाच्या आकांताने बोंबलतेय. बँक थ्रेडनीडल स्ट्रीटवर, म्हणून या चित्राने रुजवलेलं 'थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी' हे नाव बँकेला आजही चिकटलेलं आहे, आणि बँक ते कौतुकाने मिरवते!

त्याआधीचं, मार्चमधलं चित्र मी आईला फोनवर दाखवलं. मिडास राजा हात लावील त्याचं सोनं व्हायचं. गिलरेचा पिट-मिडास बँकेवर पाय फाकवून उभा आहे, पोट नाण्यांनी तट्ट फुगलंय आणि तोंडातून नोटांची ओकारी चाललीय. खालूनही नोटाच. शीर्षकात 'सोनं' खोडून 'कागद' केलंय. आई "शी!" म्हणाली, पण फोन काही लवकर परत देईना.

"मग त्या चित्रकाराला तुरुंगात टाकलं असेल."

नाही ना. त्याच वर्षी सरकारपक्षाने त्याला गुपचूप सालीना २०० पौंड सुरू केले. पिटचा खिशातला हात इतक्या बारकाईने काढणाऱ्यानेही स्वतःचा खिसा उघडाच ठेवला होता. मला जरा वाईटच वाटलं. आईला मुळीच नाही. "घर चालवायचं असतं," म्हणाली.

नोटेवर पुन्हा हक्काने सोनं मिळायला १८२१ उजाडलं. आता नोट प्लास्टिकची आहे, पण मागणाऱ्याला रक्कम देण्याचं वचन तिच्यावर अजून छापलेलं असतं. बाहेर कोपऱ्यावर कॉफी घेतली आणि मी ऐटीत दहाची नोट पुढे केली.

"सॉरी," काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फक्त कार्ड."