आधी सावली पाहा

मे महिन्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना शाळेत बोलावणारे शिक्षक आपल्या शाळेत एकच होते, ते म्हणजे आम्हाला आठवीत भूगोल शिकवणारे सर. रत्नागिरी जवळजवळ १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ८ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, आणि हे आम्ही मैदानात उभे राहून पाहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ओळंब्यात रोवलेल्या काठीची सावली आखडत आखडत बुडाशी नाहीशी झाली, तेव्हा १२ वाजून ३३ मिनिटे झाली होती. बारालाच का नाही, असे कोणी विचारताच सर खुलले. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला सव्वानऊ अंशांवर, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे ३७ मिनिटे उशीर. त्यातून वर्षभर मागेपुढे होणाऱ्या सूर्याच्या चालीची तीन-चार मिनिटे वजा. दहा दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावले, तेव्हा काठीची दोन बोटे सावली चक्क दक्षिणेला पडली होती. "गणित नंतर, आधी सावली कुठे आहे ते पाहा," हे त्यांचे वाक्य त्या दिवशीचे.

पुढे मुंबई बंदरातल्या 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकून मी कॅडेट म्हणून मालवाहू जहाजावर रुजू झालो. १९८४ च्या डिसेंबरात आम्ही आखातातून कोलंबोकडे निघालो होतो आणि लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या उत्तरेकडचा नाइन डिग्री चॅनेल पुढे होता. त्या सामुद्रधुनीचे नावच अक्षांशावरून पडलेले असल्याने आपला अक्षांश अचूक ठाऊक असणे किती गरजेचे, ते सांगायला नको. २२ तारखेला नून साइट घेण्याची, म्हणजे भर दुपारी सूर्याची उंची मोजून अक्षांश काढण्याची, पाळी माझी होती. सेक्स्टंट या कोन मोजणाऱ्या यंत्राच्या आरशातून सूर्य खाली आणून त्याची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि मनगट हलकेच झुलवायचे. सूर्य पाळण्यासारखा कमानीत हलतो, आणि कमानीचा तळ पाण्याला जेमतेम शिवला की माप बरोबर. मध्यान्ह जवळ आला की सूर्य चढायचा थांबतो, क्षणभर तिथेच राहतो आणि मग त्याची कड पाण्यात बुडू लागते. ते थांबणे मला आजही फार सुंदर वाटते.

वाचन ५६ अंश २५ मिनिटे आले (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). डोळा समुद्रापासून १६ मीटर उंच असल्याबद्दल ७ मिनिटे आणि हवेतून येताना किरण वाकतात त्या वक्रीभवनाचे अर्धे मिनिट वजा केले, सूर्याच्या निम्म्या व्यासाची १६ मिनिटे मिळवली, आणि खरी उंची ५६ अंश ३४ मिनिटे धरली. ती ९० अंशांतून वजा करून आलेल्या ३३ अंश २६ मिनिटांत मी अल्मनॅकमधली, म्हणजे सागरी पंचांगातली, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर), २३ अंश २६ मिनिटे, मिळवून टाकली. अक्षांश जवळजवळ ५७ अंश उत्तर, म्हणजे स्कॉटलंडचा! सेकंड ऑफिसर रागावले नाहीत, "तुझी सावली कुठे पडली आहे?" एवढेच त्यांनी विचारले. सावली उत्तरेला होती. सूर्य विषुववृत्ताच्या २३ अंश २६ मिनिटे दक्षिणेला आणि आम्ही सूर्याच्या ३३ अंश २६ मिनिटे उत्तरेला, म्हणून आम्ही १० अंश उत्तरेला. मला तेव्हा शाळेतली ती काठी दिसली.

रेखांशासाठी सकाळची साइट आणि क्रोनोमीटर हे अचूक घड्याळ लागत असे, आणि घड्याळाची चार सेकंदांची चूक विषुववृत्ताजवळ एका सागरी मैलाची होई. पुढे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, जीपीएस आले, तरी माझ्या हाताखालच्या प्रत्येक कॅडेटकडून मी रोज दुपारी नून साइट करून घेतली.

शाळेच्या या महोत्सवानिमित्त माझा सेक्स्टंट मी तिच्या प्रयोगशाळेला देत आहे. सूर्याकडे पाहण्यापूर्वी गडद काचा आठवणीने पुढे घ्याव्यात. मैदानातून समुद्राचे क्षितिज दिसत नाही, म्हणून परातीत तेल घेऊन, वारा लागणार नाही अशा जागी, सूर्य त्यातल्या प्रतिबिंबावर आणावा; असा मोजलेला कोन सूर्याच्या उंचीच्या दुप्पट असतो. हे डिसेंबर-जानेवारीत करावे, कारण मे महिन्यात तो कोन यंत्राच्या मापाबाहेर जातो. वाचनातून यंत्राची १.२ मिनिटांची चूक आधी वजा करावी, मगच कोन निम्मा करावा. डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती तेथे लागत नाही.