वरून शांत, खालून सावध : आतड्याच्या पेशींबरोबरचा माझा अनुभव

पीएचडीत माझ्या वाट्याला आलेला प्रश्न असा होता : आतड्यात एवढे जिवाणू नांदत असताना त्याचं अस्तर कायम सुजलेलं का नसतं? अस्तराच्या पेशींमध्ये आयएल-८ या प्रथिनाचं जनुक असतं. ते चालू झालं की पेशी आयएल-८ बाहेर सोडतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिकडे धाव घेतात. म्हणून ते भलत्या वेळी चालू होणं परवडत नाही.

मी टी८४ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी, घेतली. फ्लास्कमध्ये वाढवून उपयोग नव्हता, कारण मला पेशींची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी हाताळायची होती. त्यासाठी ट्रान्सवेल वापरलं. त्यातल्या ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर पेशींचा थर वाढतो. वरची बाजू आतड्याच्या पोकळीची, खालची शरीराच्या आतली. खरा कस इथेच लागला. थर नीट सांधला गेलाय का, हे सूक्ष्मदर्शकातून पाहून खात्रीने सांगता येत नाही. एक इलेक्ट्रोड वर आणि एक खाली बुडवून विद्युतरोध मोजायचा, त्यातून रिकाम्या पडद्याचा रोध वजा करायचा आणि उरलेल्याला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. टोक थराला लागलं तर ओरखडा पडतो, म्हणून मनगट टेकवूनच मोजायचे. आकडा १००० ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर जाऊन टिकल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

मग साल्मोनेलाचं शुद्ध केलेलं फ्लॅजेलिन, म्हणजे जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन, काही थरांना वरून दिलं, काहींना खालून. काही तासांनी आरएनए काढून क्यूपीसीआर लावला, म्हणजे आयएल-८ च्या आरएनएच्या प्रती सायकलगणिक वाढवत त्याचं प्रमाण मोजलं. वरून दिलेल्या थरांत आयएल-८ जवळजवळ जागचा हलला नव्हता. खालून दिलेल्यांचा आलेख कितीतरी सायकल आधी उचलला. आणि एक सायकल आधी म्हणजे साधारण दुप्पट आरएनए. अँड्र्यू गेविर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच २००१ साली दाखवलं होतं, तरी स्वतःच्या संगणकाच्या पडद्यावर ते उमटताना पाहिलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

कारण असं, की फ्लॅजेलिन ओळखणारा टीएलआर-५ हा ग्राहक या पेशींत खालच्या बाजूला असतो. तो जागा झाला की आयकेबी या रोखून धरणाऱ्या प्रथिनाचं बंधन सुटतं, जनुकं चालू करणारा एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतो आणि आयएल-८ च्या जनुकाला चालना देतो. (एनएफ-कॅपा-बी १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी बी-पेशींत शोधला.) त्याहून मला भावलं ते असं, की एनएफ-कॅपा-बी आयकेबी-अल्फाचंही जनुक चालू करतो, म्हणजे स्वतःला आवरणारं प्रथिन स्वतःच बनवून घेतो. शिवाय आयएल-८ च्या आरएनएच्या शेपटाकडे एयू-बहुल (ए आणि यू ही अक्षरं जास्त असलेला) भाग असतो, त्यामुळे एरवी तो लवकर मोडतो. पी३८ कायनेज हे पेशीतलं विकर सक्रिय असेल तर जास्त टिकतो. म्हणून एकाच वेळेचं मोजमाप अपुरं पडतं, निरनिराळ्या तासांचे नमुने ठेवावेच लागतात.

हा प्रयोग करणार असाल तर विद्युतरोध शेवटीही मोजा. थर मध्येच फाटला असेल तर वरचं फ्लॅजेलिन खाली झिरपतं, आणि मग वर-खालच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.