हाताशी, हातासरशी

नेरुळच्या आमच्या रो हाउसला खाली एक गॅरेज आहे, दहा फूट बाय सोळा फूट. त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. आधी गणपतीच्या मखराचं सामान आणि दोन सायकली होत्या, मग बँकेतून निवृत्त झाल्यावर माझं सुतारकाम तिथे शिरलं आणि सायकली जिन्याखाली गेल्या. सात वर्षं असंच चाललं. यंदा फरशीने हात टेकले.

खाडीवर फ्लेमिंगो येतात हे आता सगळ्या मुंबईला माहीत आहे. त्याच खाडीची ओल जमिनीतून वर येते, हे मात्र इथे राहणाऱ्यालाच कळतं. जुलैत रात्री रंधा नुसता उचलून ठेवला, तरी सकाळी त्याच्या पात्यावर तांबूस बोटांचे ठसे उठलेले असतात. ठसे माझेच. घामातलं मीठ आणि हवेतलं पाणी मिळून रात्रभरात पंचनामा करून ठेवतात. तर या उन्हाळ्यात फरशी उखडली, जमीन चार इंच वर घेतली, वॉटरप्रूफिंग झालं, नवं शटर बसलं. करवतीला स्वतंत्र लाइनही टाकली. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्यामुळे पूर्वी मी बटण दाबलं की वर सासूबाईंची मालिका बंद पडायची, आणि नेमकी कुणाचं तरी लग्न मोडत असतानाच. नव्या लाइनचं खरं उद्घाटन त्यांनीच केलं. ‘लाव गं आता तुझं ते,’ म्हणाल्या आणि टीव्हीसमोर जाऊन बसल्या.

या दोन महिन्यांत माझी सगळी हत्यारं दिवाणाखाली होती. पटाशा जुन्या साडीत गुंडाळलेल्या, कानशी बुटांच्या खोक्यात. रिकामं, पांढरं, चुन्याचा वास येणारं गॅरेज पाहिलं आणि मला वाटलं, आता एकदाचं नीट लावायचं. आपल्याकडे ‘घर लावणे’ हा शब्दच असा आहे की तो ऐकला की माणसाला भिंतीवर खिळे दिसायला लागतात.

मी लावलं, आणि फार सुंदर लावलं, हे सांगायला हवं. भोकांचा मोठा बोर्ड आणला. सगळ्या पटाशा एका ओळीत, पाव इंचापासून दीड इंचापर्यंत चढत्या क्रमाने. करवती एकीकडे, हातोड्या एकीकडे, कानशी आणि मरफे खाली. प्रत्येक हत्याराभोवती काळ्या मार्करने त्याची आकृती काढली, म्हणजे काय परत यायचंय ते लगेच दिसावं. बँकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईला ताळेबंद जुळल्याचं सुख काय असतं, ते इतरांना कळायचं नाही. फोटो काढून बहिणींना पाठवले.

मग आमचे मिस्त्री आले. ते मूळचे कुडाळकडचे. मला पटाशीला धार लावायला त्यांनीच शिकवलं. दारात चपला काढून त्यांनी बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे दुकान झालं. काम कुठं करणार?”

मला राग आला. चौथ्या दिवशी एक साधी चौकट करायला घेतली तेव्हा तो उतरला. आखायला पेन्सिल टेबलावर. काटकोन बघायचा गुण्या बोर्डावर, डाव्या टोकाला, कारण तो मोजमापाच्या गटात. कडेला समांतर रेघ ओढायचा खतकस त्याच्या शेजारी. पटाशी उजव्या टोकाला. मोगरी हातोड्यांत, म्हणजे मधोमध पण वर, टाचा उंचावल्याशिवाय न मिळणारी. एका सांध्यासाठी मी दहा फुटी खोलीत जत्रेत हरवल्यासारखी फिरत होते. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मी जिथे होते तिथे काहीच नव्हतं.

हत्यारं त्यांच्या जातीप्रमाणे लावली की भिंत छान दिसते. पण काम जातीप्रमाणे होत नाही. गुण्या, पेन्सिल, खतकस आणि एक पाऊण इंची पटाशी ही चौघं कामात एकत्र असतात. मग राहायलाही एकत्र नकोत का? मिस्त्रींची सगळी दुनिया एका गोणपाटावर मावते. ते जमिनीवर बसतात, लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरतात, लाकूड आवळून धरणाऱ्या शेगड्याची गरजच नाही, आणि प्रत्येक हत्यार न बघता त्यांच्या हाताला लागतं. “ही हाताशी हवी,” असं ते पटाशीबद्दल म्हणतात. पेन्सिल, फूटपट्टी ‘हातासरशी’ उचलायची. धारेचा दगड ‘हाताखाली’ असला की झालं. आपल्या भाषेने अंतरं मोजायला हात आधीच देऊन ठेवलाय आणि मी मात्र मार्कर घेऊन बसले होते!

मग बोर्ड उपसला. रोज लागणारी आठ-दहा हत्यारं टेबलाच्या मागच्या कडेला, एका फळीला खाचा करून उभी केली. महिन्यातून एकदा लागणारी खालच्या खणात गेली. वर्षातून एकदा लागणारी माळ्यावर. त्या माळ्याचं नाव ‘हाताबाहेर’. बोर्डावर आता नुसत्या आकृत्या उरल्यात. येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं चोरी झाली.

कोपऱ्यात एक पिंप आहे, तुकड्यांचं. वीतभर साग, चार बोटं शिसवी, प्लायच्या पट्ट्या. नूतनीकरणात ते रिकामं करायचं असं ठरलं होतं. ठरवणारा नवरा होता. मी एकेक तुकडा बाहेर काढला, पाहिला आणि परत आत टाकला. बेरजेत हातचा एक धरतात ना, तसे हे माझे हातचे. हिशेब कधी पूर्ण होईल तेव्हा मिळवू.

खरी पंचाईत टेबल सॉची, म्हणजे त्या मोटरच्या करवतीची. प्लायचा पूर्ण पत्रा आठ फूट बाय चार फूट असतो. तो लांबीत चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि कापून झाल्यावर पलीकडे आठ. झाले सोळा. म्हणजे खोली पुरते, फक्त मी आणि करवत दोघींनी बाहेर थांबायचं. शेवटी तिचं तोंड शटरकडे केलं. आता मोठा पत्रा चिरायचा असेल तर शटर वर करायचं आणि प्लाय हळूहळू गल्लीत निघतो. समोरचे काका स्कूटर थांबवतात, पत्रा पूर्ण बाहेर येईपर्यंत हेल्मेट घालूनच विचारतात, “काय, कपाट का?” पावसाळ्यात हे जमणार नाही. पावसाळ्यात तसंही मी रुंद फळ्यांच्या वाटेला जात नाही. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला फुगतं. जुलैत मापात बसवलेला खण दिवाळीत खुळखुळतो आणि मार्चमध्ये बसवलेला जुलैत उघडत नाही.

बाकीचं थोडक्यात. भुसा ओढायला पिंपाचा व्हॅक्यूम घेतला आणि मास्क दाराच्या खिळ्यालाच लावला, कारण लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत १९९५ पासून आहे आणि मास्क खणात ठेवला की मी तो घालत नाही. गंज धरू नये म्हणून पटाशांच्या खणात कापराच्या वड्या. सरकायला हलका जावा म्हणून रंध्याच्या तळव्याला मेणबत्ती.

राहिलं टेबल. जागा कमी, म्हणून करवतीमागे कापलेला पत्रा झेलायला आणि रंधा मारायला एकच टेबल करायचं ठरलं. झेलायचं तर ते करवतीपेक्षा केसभर खाली हवं. माझी करवत ३४ इंच. रंध्यासाठी मात्र हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगट येतं ती उंची बरी, म्हणजे अंगाचं वजन रंध्यावर पडतं. मी पाच फूट एक इंच. माझं मनगट ३० इंचांवर. चार इंच कुठून आणायचे? करवतीचे पाय कापू म्हटलं तर मिस्त्री हसले. “टेबल खाली येत नसेल तर तुम्ही वर व्हा. पाट करा एक.”

लग्नानंतर मी पाटावर उभी राहिले नव्हते. तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडून पॅलेटच्या पाइनच्या फळ्या आणल्या होत्या. त्यांतल्या एकीवर ‘एचटी’ असा डाग दिलेला होता. परदेशी जाणाऱ्या मालाबरोबर कीड जाऊ नये म्हणून पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवतात, त्याचा तो शिक्का. न्हावाशेव्याला कुठल्या बोटीतून उतरून ती तुर्भ्याला आली असेल कोण जाणे. रंधा मारताना मी तेवढा शिक्का राखला. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, बरोबर चार इंच उंच. खाली दोन आडव्या पट्ट्या, सांधे हाताने केलेले, एक जरा सैल. नव्या जागेतली पहिली वस्तू. त्यावर उभं राहून पहिला रंधा मारला तेव्हा ढलपी एकसंध, कागदासारखी, वळत वळत आली.

संध्याकाळी सासूबाई खाली आल्या, पाटाकडे पाहिलं, पायाने दाबून पाहिला. वर डब्यांच्या फळीला त्यांचा हात पोचत नाही, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. काही न बोलता त्यांनी तो काखेत मारला आणि जिना चढून गेल्या.

आता रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाऊन तो खाली आणते.