चेक बाऊन्सची शिक्षा झाल्यावर डाग पुसायचा कसा?

चेक बाऊन्ससाठीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली शिक्षा झाली की बरेचजण दंड भरून मोकळे होतात. दंडाने शिक्षा संपते, दोषसिद्धी (गुन्हा केल्याचा ठपका) मात्र कागदावर तशीच राहते. ती काढायचा सरळ रस्ता म्हणजे अपिलात याच कायद्याच्या कलम १४७ खाली फिर्यादीशी तडजोड.

सेशन्स कोर्टात अपील ३० दिवसांत. उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्ज. कलम १४८ नुसार कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के भरायला लावू शकतं. मग दोघांच्या सह्यांची तडजोड पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन). पैसे डीडीने किंवा एनईएफटीने द्या आणि यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) पुरसिशीतच लिहा. रोख देऊन साध्या कागदावर पोच घेतली, की फिर्यादी तारखेला फिरकत नाही आणि प्रकरण लोंबकळतं.

सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्ट निकालानुसार (प्रकरण गोव्यातलं) अपिलाच्या टप्प्यावर तडजोड केली तर आरोपीला चेकच्या रकमेच्या ७.५ टक्के खर्च बसतो. ८०,००० च्या चेकला ६,०००. पूर्वी हाच १५ टक्के होता.

आदेशात ‘निर्दोष मुक्तता’ हे शब्द आहेत ना, ते तिथेच वाचून घ्या. नुसतं ‘अपील निकाली’ असेल तर पुढे घोळ होतो. सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि जुनं वॉरंट रद्द झाल्याचं पोलीस ठाण्याला कळलंय का, तेही तपासा.